मुकादमाची वर्गणी

आमच्या बोक्याचं नाव मुकादम. हे नाव नवऱ्याने ठेवलं. घरात कोणी काही काम काढलं की हा दोन हात लांब जाऊन बसतो, पाय पोटाखाली घेतो आणि काम नीट चाललंय की नाही ते बघतो. स्वतः कशाला पंजा लावत नाही. मी लादी पुसताना तो असतो, कपडे वाळत घालताना असतो. ठमी झाल्यापासून मी दूध काढायचा पंप लावून पलंगाच्या कडेला बसले की हा समोरच्या खुर्चीवर चढतो आणि बाटलीत किती भरलं ते माझ्याइतक्याच काळजीने बघतो.

ठमी म्हणजे आमची मुलगी, सात महिन्यांची. तिचं खरं नाव फार सुंदर आहे. ते ठरवण्यासाठी आम्ही चार महिने भांडलो आणि नंतर ते कोणी वापरलंच नाही.

एका बुधवारी सकाळी मुकादम कामावर आला नाही. मी दोनदा हाक मारली, मग कपडे धुवायच्या मशीनमागे वाकून बघितलं. तो तिथे भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि त्याच्यापुढे पिवळ्या फेसाची तीन छोटी थारोळी होती. आदल्या दिवशीची त्याची वाटीही भरलेलीच होती, हे मला तेव्हा दिसलं. सात महिन्यांच्या बाळाच्या आईला घरात काय काय दिसत नाही याची यादी केली तर मांजराची वाटी त्यात बरीच वर येईल. तिच्याही वर स्वतःचे केस.

मी एका हाताने ठमीला झोळीत अडकवलं, दुसऱ्या हाताने मुकादमाला टोपलीत घातलं आणि टॅक्सी केली. सासूबाई दारापर्यंत आल्या, पण काही बोलल्या नाहीत. शनिवारपासून आमचं बोलणं कामापुरतं चाललं होतं. त्याचं कारण असं की माझ्या पंपाची झडप हरवली होती. ही झडप म्हणजे चिमणीच्या चोचीसारखा पांढऱ्या रबराचा एक तुकडा, अंगठ्याच्या पेराएवढा. तो नसला तर पंप नुसता घरघरतो, दूध काही येत नाही. मी धुऊन ओट्यावर वाळत ठेवली होती आणि ती गेली. ओटा सासूबाईंनी आवरला होता. मी त्यांना काही बोलले नव्हते. फक्त दिवसातून पाच-सहा वेळा, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "एवढीशी वस्तू, पण कोणाला तिची किंमत नाही," असं फ्रिजला उद्देशून म्हणत होते. त्यांनी रविवारी सबंध कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा करून हातांनी चाळला. तेही मी बघितलं आणि तरी फ्रिजशी बोलत राहिले.

जनावरांच्या डॉक्टर बाई मनगटावरच्या ओरखड्यांवरूनच अनुभवी वाटत होत्या. त्यांनी मुकादमाचं पोट चाचपलं तेव्हा तो ओरडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. ते मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. बाईंनी भराभर सांगितलं की दोन शक्यता आहेत. एक तर विष पोटात गेलंय, नाहीतर आतड्यात काहीतरी अडकलंय. आत्ता सलाईन लावू, रक्त तपासू, सोनोग्राफीवाले दुपारी येतात तेव्हा पोट बघू. अडकलेलं निघालं तर आजच्या आज उघडावं लागेल, उद्यावर टाकलं तर आतडं टिकणार नाही. घरातलं काही गायब झालंय का, असंही त्यांनी विचारलं. दोरा, रबर, खेळण्याचा तुकडा वगैरे.

मी छातीठोकपणे सांगितलं, आमचा बोका तसला नाही.

मग त्यांनी खर्चाचा आकडा सांगितला. निम्मे पैसे चिरण्याच्या आधी भरावे लागणार होते, कारण या दवाखान्याचे लोक यापूर्वी फार हळव्या मालकांकडून फसले होते.

आता माझ्या कमाईबद्दल सांगायला हवं. मी घरबसल्या एका गाद्या विकणाऱ्या कंपनीसाठी गाद्यांची वर्णनं लिहिते. ठमी झोपली की लिहायला बसते, ती उठली की वाक्य तिथेच सोडते. गादी कशीही असो, मी तिच्याबद्दल असं लिहिते की आपण आजवर उघड्या फरशीवर झोपत होतो असं वाचणाऱ्याला वाटावं. हा आकडा म्हणजे माझ्या चार महिन्यांच्या गाद्या होत्या. नवरा पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे, महिन्यातले तीन आठवडे साइटवर असतो. आमच्याकडची शिल्लक नुकतीच या घरात आणि ठमीच्या जन्मात मिळून संपली होती. मी त्याला फोन केला. तो म्हणाला की उचल मागून बघतो, पण साहेब शुक्रवारी येतील. मुकादमाच्या आतड्याला शुक्रवार चालणार नव्हता.

बोक्यासाठी एवढं, असं कोणाला वाटेल. मला स्वतःलाही वाटलं, टॅक्सीत. पण ठमीच्या वेळी शेवटचे तीन महिने मला पलंगावरून उठायची बंदी होती. नवरा पुलावर आणि सासूबाई तेव्हा अजून आल्या नव्हत्या. दिवसभर घरात मी आणि हा. सकाळी तो माझ्या पावलांवर येऊन बसायचा आणि संध्याकाळपर्यंत हलायचा नाही. मी त्याला डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगायचे, मला कशाची भीती वाटते ते सांगायचे. ती भीती मी अजून माणसांपैकी कोणाला सांगितलेली नाही. ठमी पहिल्यांदा हसली तीही त्याच्याकडे बघून. मी तिच्यापुढे तासभर नाचत होते, तिने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. याने जांभई दिली आणि ती खदखदून हसली.

तर दवाखान्याच्या बाकावर बसून मी वर्गणी काढायला घेतली. अशा कामासाठी वेबसाइट असतात. तिथे फोटोची जागा होती आणि "तुमची गोष्ट सांगा" असा एक मोठा चौकोन होता. पहिल्यांदा मी खरंच साधं लिहिलं. आमचा बोका आजारी आहे, उलट्या होतायत, बहुतेक ऑपरेशन लागेल, मदत करा. फोटो शोधायला गेले तर एकाही फोटोत तो आजारी दिसेना. सगळीकडे पोट वर करून झोपलेला, एखाद्या सावकारासारखा. त्यातल्या त्यात दुःखी म्हणून मी एक निवडला. त्यात तो फक्त कंटाळलेला होता. हे सगळं इमारतीच्या ग्रुपवर आणि नव्या आयांच्या ग्रुपवर टाकलं.

तासाभरात तीन जणांनी पैसे दिले. माझा भाऊ, माझा नवरा आणि मी. मी बटण चालतंय का ते बघत होते.

मग माझ्यातली गादीवाली जागी झाली. डॉक्टर बाईंनी दोन शक्यता सांगितल्या होत्या, त्यातली एक मी उचलली. आतड्यात काहीतरी अडकलं, यात कोणाचा राग येणार? विष म्हटलं की मात्र कोणीतरी ते टाकणारा लागतोच. मी चौकोन पुसला आणि नव्याने लिहिलं: "ज्या अंगणात तो विश्वासाने बागडला, तिथेच त्याच्यासाठी विष मांडून ठेवलं होतं. आमच्याच इमारतीत मांजरांचा तिरस्कार करणारी माणसं राहतात. मी कोणाचं नाव घेणार नाही. माझ्या तान्ह्या मुलीला मी काय सांगू?" तान्ह्या मुलीला त्या वेळी मी काहीच सांगत नव्हते, ती झोळीचा बंद चघळत होती.

नाव घेणार नाही असं लिहिल्याबरोबर इमारतीतल्या बत्तीस घरांना नाव कळलं. तळमजल्यावर नियमकाका राहतात. वजनं-मापं तपासणाऱ्या खात्यातून ते निवृत्त झाले आणि नंतर तपासायला त्यांना फक्त आम्ही उरलो. लिफ्टमध्ये त्यांच्या हस्ताक्षरातली सूचना असते, अनुक्रमांकासह. गेल्या महिन्यातली सूचना क्रमांक एकेचाळीस अशी होती: "पाळीव प्राण्यांनी इतरांच्या वाहनांवर बसू नये." मुकादम त्यांच्या स्कूटरवर रोज बसायचा. त्याने सूचना वाचली नसावी.

पैसे येऊ लागले. फोन माझ्या मांडीवर थरथरत होता आणि प्रत्येक थरथरीला ठमी दचकत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी दिले, जिमवाल्या मुलांनी दिले, आयांच्या ग्रुपमधल्या एकीने बाळाच्या वाढदिवसाचे दिले. कोणीतरी खाली लिहिलं, "असल्या माणसाला इमारतीतून बाहेर काढलं पाहिजे." मी त्यावर बदामाचं चिन्ह दिलं. हे लिहिताना माझा हात थांबतोय, पण दिलं हे खरं.

दुपारी दोनच्या सुमारास नियमकाका दवाखान्यात आले. इस्त्रीचा शर्ट, पण बटणं एक घर चुकलेली. त्यांनी माझ्यापाशी न बसता समोरच्या बाकावर, दोन कुत्र्यांच्या मधे जागा घेतली. थोड्या वेळाने उठून आले.

"तुम्ही लिहिलंय ते माझ्याबद्दल आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, मी कोणाचं नाव घेतलेलं नाही.

"नाही, बरोबर आहे ते. सोमवारी गटाराच्या जाळीपाशी मी उंदरांसाठी विषाच्या वड्या ठेवल्या होत्या. सहा. आज तुमचं वाचल्यावर जाऊन उचलल्या, तर चारच मिळाल्या." त्यांनी चार बोटं दाखवली आणि ती खाली घ्यायचं विसरले. "वाचेल ना तो?"

"बघू," मी म्हटलं. त्या "बघू"मध्ये दहा वर्षं सक्तमजुरी होती.

त्यांनी खिशातून पाकीट काढून बाकावर ठेवलं, ठमीच्या पायापाशी. ते गेल्यावर मी उघडून पाहिलं. वेबसाइटवर सगळ्यांनी मिळून जेवढं दिलं होतं, त्याच्या निम्मं त्यात होतं. शिवाय वेबसाइटचे पैसे हातात यायला आठवडा लागणार होता आणि ही रोख होती. मला काय वाटलं सांगू? लाज वाटली असेल असं कोणाला वाटेल, तर नाही. मला वाटलं, बघा, मी ओळखलं होतं. माणसं ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

तीन वाजता सोनोग्राफीवाले आले. मला आत बोलावलं. पडद्यावर ते नेहमीचं करडं धुकं होतं. ठमीच्या वेळीही मला त्यात काही कळायचं नाही आणि मी "हो हो, नाक दिसतंय" म्हणायचे. डॉक्टर बाईंनी एका जागी बोट ठेवलं. आतड्यात काहीतरी आडवं बसलंय, म्हणाल्या. एका बाजूला गोल कडा आहे आणि दुसऱ्या बाजूला निमुळतं होत गेलंय, मधे चीर असल्यासारखं. त्यांनी विचारलं, कशाची चोच वगैरे आहे का ही? पक्षी खाल्ला का याने?

मला बघता क्षणी कळलं. या आयुष्यात मी त्या वस्तूइतकं कशाकडेच निरखून पाहिलेलं नाही. दिवसातून चार वेळा ती वेगळी करायची, धुवायची, वाळवायची, परत बसवायची. दुधाचा वास तिला धुऊनही राहतो. मुकादम समोर बसून माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत असणार, सात महिने.

"माझी झडप आहे," मी म्हटलं.

बाईंना वाटलं मी हृदयाबद्दल बोलतेय. मग मी समजावलं. त्या हसल्या नाहीत, पण सोनोग्राफीवाल्यांनी तोंड फिरवलं. विषाचा काही संबंध नाही, बाई म्हणाल्या, रक्तही स्वच्छ आहे. लगेच उघडू या. पैशांचं काय?

इथे मी जे केलं ते मी नंतर बऱ्याच प्रकारे स्वतःला समजावून सांगितलंय. मी पाकीट पुढे केलं. नियमकाकांचं पाकीट, ज्यातले पैसे त्यांनी न केलेल्या गुन्ह्याबद्दल दिले होते, आणि तो गुन्हा नाही हे मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं. त्यात माझं थोडं घालून निम्मी रक्कम भरली. म्हटलं, आधी बोका, सत्य नंतर. सत्याला भूल द्यावी लागत नाही, ते थांबेल तासभर.

मुकादमाला आत नेलं. त्याचा एक पाय टॉवेलबाहेर लोंबत होता, तो मी आत सारला.

थोड्या वेळाने सासूबाई आल्या. ठमीचं खाणं, माझ्यासाठी डबा आणि कोरडे कपडे घेऊन. माझ्या शर्टावर पुढे दोन ओले गोल उमटले होते. झडप नसल्यामुळे पंप बंद आणि ठमी दुपारभर प्यायली नव्हती. हे त्यांना न सांगता कळलं होतं, आणि मी यांच्याविरुद्ध फ्रिजपाशी साक्ष देत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. झडप कुठे आहे इथून सुरुवात करून पाकिटापर्यंत. मी रडायच्या तयारीत होते, म्हणजे त्यांनी जवळ घेतलं असतं तर.

त्यांनी ठमीला मांडीवर घेतलं, गळ्याखाली रुमाल खोचला आणि पहिला चमचा भरवला. मग म्हणाल्या, "मला चार दिवस चोर केलंस, ते राहू दे. घरातलं आहे. पण तो माणूस आत्ता अंगणात काठीने गवत उचकटतोय. मी येताना बघितलं. दोन वड्या शोधतोय. त्याला आधी सांग."

"ऑपरेशन होऊ द्या ना, आई. त्यांनी पैसे परत मागितले तर?"

"तर मागू दे."

"मग डॉक्टर थांबवतील सगळं."

"पोट फाडून झालं असेल एव्हाना," त्या म्हणाल्या. "पैसे परत गेले म्हणून काय ती वस्तू पुन्हा आत ठेवून शिवणार आहेत?"

मी गाद्यांबद्दल लिहिणारी बाई, मला एवढा सरळ विचार झेपत नाही. मी म्हटलं फोन करते. त्या म्हणाल्या, फोन नाही, जा. मी बसते इथे. ठमीही माझ्यापाशीच राहू दे, लहान मूल काखेत घेऊन माफी मागायला जाऊ नकोस, समोरच्याला धड रागावता येत नाही. माझा तोच बेत होता हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

नियमकाका अंगणात नव्हते. घराचं दार उघडं होतं. ते टेबलापाशी बसून लिहीत होते, समोर पट्टी आणि दोन रंगांची पेनं. काकू पलीकडे खुर्चीत होत्या, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी दारातूनच कागद वाचला, कारण त्यांचं अक्षर तेवढं मोठं असतं. सूचना क्रमांक बेचाळीस. "खाली सही करणारा इसम इमारतीच्या समितीचा राजीनामा देत आहे, कारण" – आणि तिथे थांबले होते.

मी येताना टॅक्सीत वाक्यं जुळवली होती. त्यात "परिस्थितीच्या ओघात" होतं, "मातृहृदय" होतं. त्यातलं एकही आठवेना. मी म्हटलं, काका, त्याने विष खाल्लेलं नाही. माझ्या पंपाचा तुकडा गिळलाय. मला तीन वाजता कळलं आणि तरी मी तुमचे पैसे भरले.

त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. कसला पंप, त्यांनी विचारलं. मी ते काकूंना सांगितलं आणि त्यांनी काकांना खालच्या आवाजात समजावलं. काकांचे कान लाल झाले. मग ते म्हणाले, "पण दोन वड्या कमी आहेत."

"हो."

"सहा ठेवल्या होत्या. मी मोजून ठेवतो. मग दोन गेल्या कुठे?"

"काका," मी म्हटलं, "त्या उंदरांसाठी होत्या ना? उंदरांनी खाल्ल्या असतील."

चाळीस वर्षं ज्याने तराजू तपासले, त्या माणसाच्या डोक्यात सकाळपासून उंदीर आलाच नव्हता. तो मी येऊ दिला नव्हता. ते उठून आत गेले. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि शर्टाची बटणंही नीट लावलेली.

आता ते म्हणतील, जाऊ दे पोरी, माणसाकडून चुका व्हायच्याच. माझ्याकडे ठेवणीतले अश्रू तयार होते.

"माझे पैसे परत द्या," ते म्हणाले. "ते हिच्या डोळ्यांचे आहेत. पुढच्या महिन्यात तारीख आहे."

मी म्हटलं, देते. कसे ते माहीत नाही, पण देते.

"आणि तिथे लिहा. जिथे आधीचं लिहिलं तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. आत्ता. मी बघतो."

मी उभ्याउभ्या फोनवर लिहायला लागले. ते माझ्या खांद्यावरून चष्मा सावरून वाचत होते. मी लिहिलं, "एक छोटासा गैरसमज दूर करायचा आहे." ते म्हणाले, गैरसमज नको. समज बरोबर होता लोकांचा, तुम्ही लिहिलं तेच त्यांना समजलं. मी लिहिलं, "घाईत माझ्याकडून असं लिहिलं गेलं." ते म्हणाले, गेलं नाही, तुम्ही लिहिलंत. बरं, म्हटलं, तुम्हीच सांगा. तर म्हणाले, मी कशाला सांगू, चूक तुमची आहे. शेवटी चार ओळी झाल्या. मी खोटं लिहिलं. विष कोणी दिलं नव्हतं. बोक्याने माझ्या पंपाची झडप गिळली, ती नीट ठेवणं माझं काम होतं. ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी मागावेत, मिळतील. माझ्या कुठल्याच गादीला इतकी थोडी विशेषणं लागलेली नाहीत.

"खाली माझं नाव घाला," ते म्हणाले. "आधी घेतलं नव्हतं. आता घ्या. म्हणावं, यांचा संबंध नाही."

मी घातलं. त्यांनी पुन्हा वाचलं आणि मान हलवली. काकूंनी विचारलं, बोका कसा आहे? मी म्हटलं, अजून आतच आहे. हे म्हणताना माझा आवाज फुटला. काकांनी पंख्याचं बटण दाबलं. दुसरं काय करावं हे त्यांना सुचलं नसावं.

दवाखान्यात परत येईपर्यंत आकडा घसरायला लागला होता. मी टॅक्सीत बसून तो बघत होते. जिमवाल्या मुलांनी परत मागितले, बाजूला हसण्याची चिन्हं टाकून. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मागितले नाहीत, पण लिहिलं की तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. हे मला पैसे परत मागण्यापेक्षा महाग पडलं. "इमारतीतून बाहेर काढा" म्हणणाऱ्याने आता तीच शिक्षा मला सुचवली. आयांच्या ग्रुपवर मात्र वेगळंच चालू झालं. एकीने लिहिलं की तिचीही झडप गेल्या महिन्यात गेली आणि तिच्याकडे कुत्रा आहे. दुसरीने लिहिलं, मी नणंदेवर आळ घेतलाय. त्या ग्रुपने एकही पैसा परत मागितला नाही, उलट थोडे वाढवले. शेवटी निम्म्याहून थोडे जास्त उरले. नवऱ्याला शुक्रवारी उचल मिळाली. बाकीच्यासाठी मी डॉक्टर बाईंना काही महिन्यांची मुदत मागितली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच फार हळव्या मालकांपैकी आहे का ते तपासत असाव्यात, आणि मग सही घेतली.

मुकादम शुद्धीवर आला तो गुरुवार होता. पण तो खाईना. बाई म्हणाल्या, टाके ठीक आहेत, पण तो खात नाही तोवर मी काही सांगणार नाही. गुरुवार गेला, शुक्रवारची दुपार गेली. मी पिंजऱ्यापाशी स्टुलावर बसून त्याच्या नाकाशी बोटाने खाणं धरत होते आणि तो माझ्यापलीकडच्या भिंतीकडे बघत होता. सासूबाई शुक्रवारी आल्या, त्यांनी मला उठवलं आणि स्वतः बसल्या. त्या त्याच्याशी काही गोड बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून विणकाम काढलं आणि मांडीवर घेऊन विणायला लागल्या. मी म्हटलं, आई, दोरा त्याच्यापासून लांब. मला माहीत आहे, त्या म्हणाल्या, आणि विणत राहिल्या. अर्ध्या तासाने त्याने मान वळवून सुयांकडे पाहिलं. मग तो पुढचे पाय पोटाखाली घेऊन नीट बसला, आणि जरा वेळाने वाटीत तोंड घातलं. सासूबाईंनी वर पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं असतं तर मी तिथेच त्यांच्या पायाशी बसून रडले असते, ही भीती त्यांनाही असावी.

रविवारी त्याला घरी आणलं. गळ्यात प्लास्टिकचा भोंगा, पोटावर केस काढलेला गुलाबी चौकोन. टॅक्सीतून उतरल्यावर मी वर न जाता नियमकाकांचं दार वाजवलं. माझ्याकडे नवऱ्याने पाठवलेल्या उचलीतले पैसे होते, त्यांच्या रकमेचा पहिला निम्मा भाग, पाकिटात घालून.

त्यांनी दार साखळीपुरतं उघडलं. पैसे घेतले, तिथेच मोजले, बरोबर आहेत म्हणाले. बाकीचे कधी, विचारलं. मी दहा तारीख सांगितली. त्यांनी ती दोनदा स्वतःशी म्हटली.

"मी अजून तुमच्यावर रागावलेलो आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो काका.

मग त्यांची नजर खाली टोपलीकडे गेली. आतून काकूंनी विचारलं, कोण आहे? बोका आहे का? मला काही दिसत नाही इथून, तुम्ही सांगा ना कसा आहे.

काकांनी साखळी काढली. मी टोपलीवरचं कापड बाजूला केलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, हळूहळू, आणि बराच वेळ बघत राहिले.

"वजन उतरलंय," ते आत वळून म्हणाले. "अर्धा किलो तरी गेलं असेल. पोटावर टाके आहेत, सात. नाही, आठ. कान गरम असावेत, हात लावून बघत नाही." मग थांबले. "डोळे उघडे आहेत गं. माझ्याकडेच बघतोय."